विंचवाचं बिऱ्हाड आणि अवधूताची वाट

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आपल्या संप्रदायात मूर्तीपेक्षा पादुकांचा मान मोठा. नरसोबाच्या वाडीला जा, औदुंबरला जा, गाणगापूरला जा, डोकं ठेवायचं ते पादुकांवर. वाडीला मनोहर पादुका, औदुंबरला विमल पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका. लहानपणापासून आईच्या कडेवरून आपण हे दर्शन घेत आलो, त्यामुळे त्यात काही विशेष आहे असं वाटेनासं झालं आहे. पण पाहा बरं, पादुका ही कोणाची वस्तू? चालणाऱ्याची. एका जागी बसून राहणाऱ्याला पादुका लागतात कशाला? आणि त्या मागे ठेवल्या आहेत याचा अर्थ काय, तर स्वामी इथे होते आणि इथून निघाले. वाडीला बारा वर्षं राहिले, लोकांना वाटलं आता कायमचेच आपले झाले, आणि महाराज निघाले. मागे काय ठेवलं? पादुका. आपण ज्याची पूजा करतो ती एका निरोपाची खूण आहे.

खुद्द दत्तमहाराज तर रोजचेच फिरतीवर. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा, माहूरला निद्रा. स्थानांची ही वाटणी कुठे थोडी वेगळी सांगतात, स्तोत्रांत निराळी येते, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी: जिथे अंघोळ तिथे जेवण नाही आणि जिथे जेवण तिथे झोप नाही. त्यांचा संसार म्हणजे झोळी, कमंडलू, दंड. पाठीमागे गाय, पायाशी चार कुत्री.

हे सगळं मी आज का सांगतो आहे? तर गेली सहा वर्षं मी आणि आमच्या सौ. अमेरिकेत चाकांवरच्या घरात राहतो. मूळचे आम्ही कृष्णाकाठचे. चौतीस वर्षं मी ओहायो राज्यात इंजिनिअरची नोकरी केली. निवृत्त झालो, दोन वर्षांनी घर विकलं आणि अठ्ठावीस फूट लांबीची एक मोटरहोम घेतली. तिकडे या प्रकाराला आरव्ही म्हणतात. पुढे ट्रकसारखं तोंड, मागे घर. घरात एक पलंग, दोन माणसं बसतील असं टेबल, गॅसची शेगडी, फ्रिज, एवढीशी मोरी आणि त्याहून एवढासा संडास. उन्हाळ्यात आम्ही उत्तरेला डोंगरात असतो आणि हिवाळ्यात दक्षिणेला उतरतो. मार्गशीर्ष आमचा बहुतेक अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात जातो. असे संसार रस्त्यावर मांडलेले निवृत्त लोक त्या देशात थोडेथोडके नाहीत.

गावाकडे ही बातमी कळली तेव्हा आमचे एक चुलतबंधू फोनवर म्हणाले, "वा! म्हणजे तुम्ही वानप्रस्थ घेतलात म्हणायचं." दुसरे एक म्हणाले, "तुम्ही अगदी अवधूत झालात हो." मी हसलो. पण तो शब्द मनात राहिला, आणि त्या निमित्ताने भागवताचा अकरावा स्कंध पुन्हा उघडला. आज जे सांगायचं आहे ते त्यातूनच.

आपल्याला ठाऊकच आहे की सातव्या, आठव्या आणि नवव्या अध्यायात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची हकिकत सांगतात. पृथ्वी, वायू, आकाशापासून ते कोळी आणि भृंगकीटकापर्यंत. त्यात एक गुरू आहे साप. अवधूत म्हणतात, घर बांधणं हे दुःखाचं मूळ आहे. सापाकडे बघा, तो स्वतः बीळ खणत नाही, दुसऱ्याने केलेल्या वारुळात शिरतो आणि सुखाने राहतो. हे वाचून पहिल्या वर्षी मला फार बरं वाटलं होतं. वाटलं, आपणही आता सापासारखे. आज या तळावर, उद्या त्या. वारूळ दुसऱ्याचं, मुक्काम आपला.

एके दिवशी हे मी सौ.ना बोलून दाखवलं. त्या तेव्हा पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "अहो, साप वारुळात जातो तेव्हा फ्रिज घेऊन जात नाही. आपलं हे विंचवाचं बिऱ्हाड आहे, पाठीवरचं."

सज्जनहो, एवढ्या एका वाक्यात त्यांनी माझं प्रवचन संपवलं. मी चोवीस नावं पुन्हा बोटांवर मोजली. साप आहे, अजगर आहे, मधमाशी आहे, पतंग आहे, हत्ती आहे, हरीण आहे, मासा आहे. विंचू नाही. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारा अवधूतांनी गुरू केलेला नाही. आणि पाठीवर जे वळलेलं असतं त्याच्या टोकाला नांगी असते, हेही आपल्याला माहीत आहे.

तेव्हा पहिली गोष्ट ही की घर सोडलं म्हणजे काही सुटलं असं नाही. आमच्या तळावर संध्याकाळी खुर्च्या टाकून लोक बसतात. चाकांवर राहणारी, जगाच्या दृष्टीने मोकळी झालेली माणसं. आणि विषय काय? कोणाच्या गाडीला किती भिंती सरकून बाहेर येतात, कोणाचं सोलर किती वॉटचं, आज शेअर बाजार किती पडला. कुरर पक्ष्याची गोष्ट आठवते. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बाकीचे पक्षी त्याच्यावर तुटून पडले. तुकडा टाकला तेव्हा त्याला सुख झालं. घर विकलं की तुकडा टाकल्यासारखं वाटतं खरं. बर्फ उपसणं नाही, हिरवळ कापणं नाही, घरपट्टी नाही. पण चोच रिकामी आणि नजर मात्र तुकड्यावर, असं पुष्कळांचं असतं.

आणि एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा विषय नुसता हौशी माणसांचा होईल. अमेरिकेत रस्त्यावर राहणारे सगळेच आमच्यासारखे आपखुशीने आलेले नाहीत. २००८ सालच्या मंदीत पुष्कळांची घरं गेली, म्हातारपणाची पुंजी गेली. कित्येक जण साठीनंतर व्हॅनमध्ये राहू लागले, कारण भाडं परवडेना. हंगामी कामं करत गावोगाव फिरतात. त्यांच्यावर जेसिका ब्रूडर या बाईंनी 'नोमॅडलँड' नावाचं पुस्तक २०१७ साली लिहिलं. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. आमच्या शेजारी अशी माणसं उतरतात. त्यांना मी अवधूत म्हणणार नाही आणि मला तर मुळीच नाही. ज्याच्याकडून काढून घेतलं गेलं त्याला 'तू त्यागी आहेस' म्हणणं हे पोट भरलेल्याचं बोलणं आहे. अवधूत अजगराला गुरू करतात, मिळेल ते खातो, न मिळालं तर पडून राहतो. पण अजगराची ती वृत्ती आहे; या माणसांवर ती वेळ आलेली आहे. यातला फरक आपण विसरू नये. आमच्या सौ. अशा शेजारणीकडे डब्यात खिचडी पाठवतात ती शेजारधर्म म्हणून. त्याला अन्नदानाचं नाव द्यायचं नाही असं त्यांनी मला बजावून ठेवलं आहे.

मग या चाकांवरच्या संसारात परमार्थाला धरून काहीच नाही का? आहे. पण लोकांना वाटतं तिथे नाही.

पहिल्यांदा वजनाचं सांगतो. आमच्या गाडीच्या दाराच्या आतल्या अंगाला एक पट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावर लिहिलं आहे की माणसं आणि सामान मिळून अमुक इतक्या वजनाच्या वर भार जाता कामा नये. माणसं धरून, बरं का! म्हणजे त्या हिशेबात आम्ही दोघंही आलो. भार वाढला तर टायर फुटतो, ब्रेक तापतात, उतारावर गाडी आवरत नाही. एक गॅलन पाणी म्हणजे पावणेचार किलोच्या थोडं वर. चाळीस गॅलनची टाकी भरली की दीडशे किलो झालेच. मग प्रश्न येतो, पूर्ण टाकी भरून घाट चढायचा, की पाव टाकी घेऊन पुढे पाणी मिळेल यावर भरवसा ठेवायचा?

मधमाशीची गोष्ट अवधूत इथेच सांगतात. संध्याकाळसाठी, उद्यासाठी म्हणून साठवू नये. साठवणारी माशी साठ्यासकट नाश पावते. ओहायोच्या घरात हे वाचताना मी मान डोलवून पुढे जात होतो. घराच्या तळघराला कोण वजन विचारतो? तिथे चाळीस वर्षांचं सामान बसलं होतं आणि जमीन काही बोलत नव्हती. गाडी बोलते. ट्रकच्या काट्यावर नेली की कागदावर आकडा छापून हातात देते. पुस्तकं पहिल्यांदा उतरली. मग सौ.ची तांब्याची घागर आणि पितळी परात. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत, घागर मात्र त्यांनी स्वतः घासून, पुसून, मुलीच्या हातात दिली. त्यांच्या आजीची होती ती.

देवांचं काय करायचं यावर आमचे आठ दिवस गेले. सागवानी देव्हारा मुलीकडे ठेवला. बरोबर घेतल्या त्या चांदीच्या लहान पादुका, दत्ताची एक तसबीर आणि श्रीगुरुचरित्राची पोथी. गाडी चालताना भिंतीवर काही राहत नाही, म्हणून निघायच्या दिवशी पूजा झाली की देवांवर अक्षता वाहून, रेशमी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायचे. सौ. प्रत्येक वेळी म्हणतात, "चला महाराज." मला वाटतं, महाराजांना आमच्या घरातल्या इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा हे जास्त आवडत असावं. स्थिर देव्हाऱ्यात बसवून ठेवलं होतं तेव्हा त्यांना कोणी चला म्हणत नव्हतं.

सोवळ्याचा प्रश्न आपल्यापैकी जाणते लोक विचारतील, विचारावाच. गाडीखाली तीन टाक्या असतात. एक पिण्याच्या पाण्याची, दुसरी सांडपाण्याची, तिसरी मैल्याची. ती तिसरी टाकी चार-सहा दिवसांनी स्वतःच्या हाताने रिकामी करावी लागते. जाड नळी जोडायची, झडप उघडायची, वाहू द्यायचं, मग नळी धुवायची. चाळीस वर्षं कचेरीत खुर्चीवर बसलेला, जानवं घालणारा माणूस मी. पहिल्या दिवशी हात थरथरले. आता सवय झाली. हातमोजे असतात, साबण असतो, नंतर अंघोळ असते आणि मग पूजा. पण आपल्या देहातून काय निघतं आणि ते कोण उचलतं हा विचार मी साठ वर्षांच्या पूजेत कधी केला नव्हता, तो त्या झडपेजवळ उभा राहून करावा लागला. जनार्दनस्वामींनी नाथांना दत्तदर्शन घडवलं ते मलंगाच्या वेषात, बरोबर कुत्रं, असं परंपरा सांगते. सोवळं पाळावं. पण सोवळ्याने कोणाला लांब ठेवायचं हे मात्र महाराजांच्या त्या वेषाकडे बघून ठरवावं.

आता दिव्याची अडचण ऐका, थोडी गमतीची आहे. गाडीत प्रोपेन गॅस असतो, म्हणून गॅसचं यंत्र असतं, धुराचं यंत्र असतं. पहिल्याच गुरुवारी उदबत्ती लावली आणि धुराच्या यंत्राने असा काही आक्रोश केला की दोन्ही बाजूंचे शेजारी धावत आले. तेव्हापासून निरांजन आणि उदबत्ती बाहेर, घडीच्या टेबलावर. वारा असेल तर काचेच्या हंडीत. शेजाऱ्यांना आता ठाऊक झालं आहे, की गुरुवारी संध्याकाळी यांच्याकडे दिवा असतो.

रस्त्याने जे खरं शिकवलं ते निघण्याबद्दल. तिथल्या सरकारी मोकळ्या जमिनीवर उतरायचं तर बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांची मर्यादा असते. पंधराव्या दिवशी जागा सोडायची. सरकारचा हेतू जमीन जपण्याचा, पण मला त्यात आपल्या संन्याशांचा नियम दिसतो: एका गावात फार दिवस राहू नये, मोह होतो, माणसांचा आणि झाडांचाही. फक्त पावसाळ्याचे चार महिने एका जागी. गंमत म्हणजे तिथेही एक चातुर्मास आहे, उलटा, हिवाळ्याचा. अ‍ॅरिझोनाच्या पश्चिम टोकाला क्वार्टझाइट नावाचं गाव आहे. त्याच्या बाहेरच्या वाळवंटात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, सात महिने, परवाना काढून राहता येतं. उन्हाळ्यात तिथे कोणी टिकत नाही; हिवाळ्यात जिकडेतिकडे गाड्या. म्हाताऱ्यांचं गावच वसतं. औदुंबर नाही तिथे. काटेरी झुडपं आणि हात वर करून उभे असलेले उंच निवडुंग. दर दुसऱ्या गाडीत कुत्रं. रात्री लांबवर कोल्ह्यासारखे कायोटी ओरडतात. गुरुचरित्राचा सप्ताह आम्ही तिथे करतो.

पण बाकीचे महिने, निघणं. निघताना काय काय करायचं याची आमची यादी आहे, भिंतीला चिकटवलेली. पाण्याची नळी सोडा, विजेची तार काढा, गॅस बंद करा, पायरी आत घ्या, चाकांखालचे ठोकळे काढा, कपाटांच्या कड्या लावा. शेकोटी केली असेल तर राखेत हात घालून बघा, थंड झाली का. आणि शेवटी गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारायची, काही राहिलं का, काही लोंबतंय का. सौ. आतून विचारतात, "झाली का प्रदक्षिणा?" तोच शब्द. आधी तो विनोद होता. आता ती प्रदक्षिणाच आहे. जिथे चौदा दिवस जेवलो, झोपलो, नामस्मरण केलं त्या जागेभोवती फिरायचं, ती स्वच्छ आहे ना पाहायचं, आणि जायचं. आमच्या पादुका काही कोणी पुजणार नाही. चाकांच्या खुणा उरतात, वारा पुसतो.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? उतारू धर्मशाळा सोडतो तसंच की. खरं आहे. पण दत्तभक्तहो, आपल्या वयाला एक निघणं पुढे उभं आहे. त्याची यादी कोणी भिंतीला चिकटवलेली नाही.

इथे मला भागवतातली एक गोष्ट सांगायची आहे जिच्याकडे प्रवचनांत आपलं लक्ष कमी जातं. चोवीस गुरूंचं आख्यान अवधूतांनी यदूला सांगितलं. पण आपल्याला ते कोण सांगतंय? श्रीकृष्ण, उद्धवाला. आणि केव्हा? भगवंत अवतार संपवून निघाले आहेत तेव्हा. उद्धवाला ते कळलं आहे. जन्मभराचा सखा आता जाणार, मी मागे कसा राहू, असं तो रडून विचारतो आहे. त्या माणसाला भगवंत सापाची, माशीची, कबुतराची, बांगड्यांची गोष्ट सांगतात. म्हणजे हे आख्यान घर सोडणाऱ्यासाठी सांगितलेलं नाही. ज्याला कोणीतरी सोडून जाणार आहे त्याच्यासाठी सांगितलेलं आहे. मग ते आपल्या सगळ्यांसाठीच झालं की नाही? घर विकलेलं असो वा पिढीजात वाड्यात तुम्ही राहत असा.

आणि त्याच्यावर टीका लिहिली कोणी? पैठणच्या एकनाथमहाराजांनी. पैठणला आरंभ, काशीत १५७३ साली समाप्ती. नाथ संसारी. गिरिजाबाई, मुलंबाळं, दारी अतिथी. अवधूताची वाट आपल्या मराठीत आणली ती एका गृहस्थाने. मला याचा फार आधार वाटतो.

आता बांगड्यांचं. ते आमच्या अठ्ठावीस फुटांत रोजचं आहे. कुमारीच्या घरी तिला मागणी घालायला पाहुणे आले, घरचे बाहेर गेलेले. ती एकटी आत साळी कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. पाहुण्यांना ऐकू जाईल, घरची गरिबी कळेल, म्हणून लाजून तिने एकेक करून बांगड्या उतरवल्या. दोन-दोन ठेवल्या. त्याही वाजल्या. मग एकेकच ठेवली, तेव्हा आवाज थांबला. अवधूत म्हणतात, पुष्कळ जण एकत्र राहिले की भांडण, दोघं राहिले तरी बोलणं. म्हणून एकट्याने फिरावं.

निवृत्त झालेल्या नवराबायकोला अठ्ठावीस फुटांत ठेवून पाहा, म्हणजे दोन बांगड्या किती वाजतात ते कळेल! चहाच्या कपावरून, नकाशावरून, खिडकी उघडी की बंद यावरून. घरात एक रागावला तर वरच्या मजल्यावर जातो. इथे रागावून जायचं कुठे? फार तर दारात. त्यामुळे भांडण लवकर मिटवावं लागतं, हा एक फायदा आहे.

पण ही गोष्ट वाचली की आपल्याकडच्या कोणत्याही बाईच्या मनात दुसरा अर्थ आल्यावाचून राहत नाही. बांगडी उतरणं म्हणजे काय, हे सांगायला लागत नाही. दोनांची एक होणार, हे ठरलेलंच आहे. कोणती आधी, एवढंच ठाऊक नाही.

टेंबेस्वामींचं चरित्र आठवा. १८५४ साली माणगावला जन्म. गृहस्थाश्रमात असताना तिथे दत्तमंदिर उभं केलं, सात वर्षं सेवा केली, आणि आज्ञा झाली तसे सगळं सोडून निघाले. एकटे नाही, पत्नीला बरोबर घेऊन निघाले. वाटेतच संसार. मग १८९१ साली गोदाकाठी गंगाखेडला पत्नीचा देह गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत स्वामींनी संन्यास घेतला, आणि पुढे १९१४ साली नर्मदेकाठी गरुडेश्वरला देह ठेवीपर्यंत पायी सारा देश हिंडले. आपण संन्यासानंतरचं तेज बघतो. मला हल्ली ती मधली दोनअडीच वर्षं दिसतात. दोघं जण, आडवाटा, नदीकाठचे मुक्काम. अन्नपूर्णाबाईंबद्दल आपण फार कमी बोलतो.

क्वार्टझाइटला आमच्या शेजारी एक बाई उतरतात. मिनेसोटाच्या, वय अठ्ठ्याहत्तर. पूर्वी नवराबायको दोघं येत. नवरा गाडी चालवायचा, टाक्या, टायर, इंजिन सगळं तोच बघायचा. तीन हिवाळ्यांपूर्वी तो गेला. आम्हाला वाटलं आता या दिसणार नाहीत. पुढच्या मोसमात गाडी आली, चालवत त्या स्वतः. रोज संध्याकाळी त्या दोन खुर्च्या बाहेर मांडतात. एकीवर बसतात. दुसरी रिकामी.

सौ.नी एकदा त्यांना विचारलं, मुलाकडे का नाही राहिलात. त्या म्हणाल्या, मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे, पण तिथे सगळे जण माझ्यासाठी दारं उघडतात. इथे माझं दार मला उघडावं लागतं. मग जरा थांबून म्हणाल्या, तो गेल्यावर मला एकच गोष्ट बोचत राहिली, की त्याने मला गाडी मागे घ्यायला कधी शिकवलं नाही. ते मी अनोळखी माणसांकडून शिकले.

त्या रात्री सौ. बराच वेळ जाग्या होत्या. मी म्हटलं, "अगं, काय झालं?" त्या म्हणाल्या, "बांगडीची गोष्ट पुरुषाने सांगितलेली आहे. एक राहिली की आवाज थांबतो, शांत वाटतं, ठीक आहे. पण मला तो आवाज थांबायला नको आहे. आणि थांबलाच तर मला कांडता आलं पाहिजे."

मला यावर प्रवचनकार म्हणून उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. पण विचार करता दिसतं की त्या कुमारीने बांगड्या उतरवल्या, कांडणं थांबवलं नाही. पाहुण्यांचं जेवण व्हायचंच होतं. उद्धवालाही भगवंतांनी रडत बसवलं नाही, बदरिकाश्रमाला जा म्हणून सांगितलं. म्हणजे चालत राहा म्हणूनच.

टेक्ससमध्ये लिव्हिंग्स्टन गावी फिरत्या निवृत्तांच्या एका मोठ्या संघाचं ठिकाण आहे. वय झालं, आजारपण आलं, गाडी चालवेनाशी झाली, की तिथे आपली गाडी लावून तिच्यातच राहता येतं. जेवण आणि देखभाल मिळते. आम्ही दोघं जाऊन पाहून आलो. चाकं आहेत पण फिरत नाहीत, असं दृश्य. मन थोडं जड झालं, पण पाहून आलो हे बरं. पंधरावा दिवस सगळ्यांना येतो, तेव्हा कुठे जायचं हे दोघांना ठाऊक असावं. तुमच्यापैकी जे आपल्या जुन्या घरात आहेत त्यांनीही एवढं करावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. बँकेची कागदपत्रं कुठे आहेत, विमा कशाचा आहे, गॅसचा नंबर कुठे लावायचा, औषधं कोणती केव्हा घ्यायची, हे घरातल्या दुसऱ्या माणसाला आज दाखवा. आणि बाईंनो, तुमच्या यजमानांना वरणभात लावायला आणि देवाची फुलं कुठून आणायची ते शिकवा. याला व्यवहार म्हणून खाली ठेवू नका. गुरुचरित्राच्या सप्ताहाइतक्याच निष्ठेने करण्याची गोष्ट आहे ही.

आमच्याकडे गेल्या चैत्रापासून सौ. गाडी चालवायला शिकल्या. सत्तरीला दोन वर्षं कमी असताना. सरळ रस्त्यावर त्या आता माझ्याहून शांत चालवतात. मागे घेताना मी मागे उभा राहून हात दाखवतो आणि त्या आरशात बघतात. दोनदा ओरडून झालं, दोघांकडूनही. मैल्याची झडपही त्या स्वतः उघडतात. पहिल्या दिवशी नाकाला पदर लावून, आता तसंच. आणि मी भाकरी थापायला शिकतो आहे. गोल होत नाही.

यंदाची दत्तजयंती आमची वाळवंटातच होईल. सप्ताह पौर्णिमेला पुरा होतो. सूर्य डोंगराआड गेला की टेबलावर तसबीर आणि पादुका मांडायच्या, पाळणा म्हणायचा. पाळणा म्हणून फळांची वेताची टोपली आहे, ती छत्रीच्या दांड्याला टांगतो. मिनेसोटाच्या बाई येतात, आपली खुर्ची घेऊन. गेल्या वर्षी त्यांनी दोन आणल्या आणि दुसरीवर पादुका ठेवायला दिल्या, टेबल वाऱ्याने हलत होतं म्हणून. सुंठवड्याची सुंठ मुलीने टपालाने पाठवली आहे. सात जण येतो म्हणाले आहेत, शिवाय कुत्री.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥